लाल घरटी, केशराची परीक्षा

२००४ सालची एक वही माझ्याकडे अजून आहे. निळ्या पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची, शाळेतल्या मुलांकडे असते तशी. तिच्या एका पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: "लाल, सहा नग. आकार चांगला. पिसं कमी. वास ठीक. पाण्यात रंग हळूहळू उतरतो. उत्तम." शेवटचं लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. पुढे पाच महिने मी ते पान उघडायचं टाळलं.

आम्ही तेव्हा ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहत होतो. नवरा तेल कंपनीत इंजिनिअर, मुलगी हायस्कूलमध्ये. पुण्यात मी अकरा वर्षं औषधांच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळली होती. इकडे आल्यावर पहिली चार वर्षं स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावण्यात गेली. वर्क परमिट हातात पडल्यावर जी पहिली नोकरी मिळाली ती घेतली: घरापासून पंचवीस मिनिटांवर, एका स्ट्रिप मॉलमधलं, म्हणजे रस्त्याकडेच्या बैठ्या दुकानांच्या रांगेतलं, सुक्या मालाचं दुकान. सुकी मशरूम, लाल खजूर, जिनसेंग, सुके शिंपले, आणि काउंटरमागच्या काचेच्या कपाटात, कुलपात, पक्ष्यांची घरटी.

दुकान ज्यांचं होतं त्या व्हिएतनाममधून आलेल्या चिनी बाई. साठीच्या, बुटक्या, कायम स्वेटर घातलेल्या, ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्येसुद्धा. सगळे त्यांना आंटी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. माझ्या हातात सदा वही असते म्हणून त्या मला टीचर म्हणायच्या. इंग्रजी दोघींचंही मोडकंतोडकं, पण भांडण्यापुरतं पुरेसं होतं.

खाण्याची घरटी हा प्रकार मला माहीत नव्हता. पाकोळीच्या जातीचा एक पक्षी समुद्राजवळच्या गुहांत आपल्या लाळेनं घरटं बांधतो. ते काढून, साफ करून, वाळवून विकतात. मग भिजवून, खडीसाखर घालून, वाफेवर तासन् तास शिजवून त्याचं सूप करतात, आणि ते घरातल्या आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, गरोदर बाईला देतात. पहिल्या दिवशी ऐकून मी मनातल्या मनात शी म्हटलं. मी जन्माची शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारी. दुसऱ्या दिवशी एक घरटं हातात घेतलं तर न तळलेल्या कुरडईचा तुकडा धरल्यासारखं वाटलं. तेच पांढुरके धागे, तसंच हलकं. शी तिथेच संपलं.

पारख आंटींनी शिकवली. उजेडासमोर धरायचं. धागे एकेक वेगळे दिसले पाहिजेत आणि त्यातून उजेड गाळून आल्यासारखा आला पाहिजे. धाग्यांवर चकचकीत थर दिसला, बोटाला चिकट लागलं, तर डिंकाचं नाहीतर साखरेचं पाणी मारलंय, वजन वाढवायला. दुधासारखं पांढरंशुभ्र आणि एकही पीस नाही, तर ब्लीच.

"पीस नाही म्हणजे पक्षी पण नाही," आंटी म्हणायच्या.

मग वास घ्यायचा. अंड्याच्या बलकासारखा, किंचित खारा असला तर ठीक, औषधाचा आला तर परत पाठवायचं. मोडलं तर कट्कन आवाज यायला हवा, वाकलं तर आत ओल आहे. शेवटी एक तुकडा पाण्यात. चांगला तुकडा फुगून कितीतरी पट होतो आणि दोन बोटांत चोळला तरी विरघळत नाही. कोपऱ्यांसकट अखंड, अर्ध्या वाटीसारखी घरटी सर्वांत महाग, मोडक्या पट्ट्या त्याखाली, चुरा तळाला.

मी हे सगळं वहीत रकाने आखून लिहून काढलं. तांदूळ निवडण्यात बालपण गेलेल्या हातांना काम परकं नव्हतं. सहा महिन्यांत आंटी माझ्या वहीवर विसंबायला लागल्या. त्याला कारणही होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख मेमधली होती.

"मला आता सगळं धुरातून दिसतं, टीचर. तू सांग, मी ऐकते."

लाल घरटी आली ती मार्चमध्ये. मी ती तोपर्यंत पाहिली नव्हती. गुहेच्या दगडातलं काहीतरी उतरून ती लाल होतात असं आंटी सांगायच्या. काही गिऱ्हाइकं म्हणायची, पक्ष्याचं रक्त. खरं काय ते मला माहीत नाही; किंमत मात्र पांढऱ्याच्या कितीतरी वर असायची. आंटींनी ती दुकानासाठी मागवलीच नव्हती. त्यांची मुलगी डॅलसला राहायची. तिला चौथा महिना होता. आधीची दोन गरोदरपणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच संपली होती. आंटी दोन आठवडे तिच्याकडे राहायला जाणार होत्या आणि रोज सकाळी तिला लाल घरट्याचं सूप करून देणार होत्या. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे लाल माल नव्हता म्हणून एका नव्याकडून घेतला.

रविवारी सकाळी जावई गाडी घेऊन दारात उभा. आंटी अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत.

"टीचर, लाल बघितलंस?"

"बघते. भिजवू?"

"भिजव. पाण्यात रंग बघ. रंग महत्त्वाचा."

एवढंच बोलल्या आणि बॅग भरायला मागे गेल्या. मी पांढऱ्या बशीत पाणी घेतलं, नखाएवढा तुकडा टाकला आणि घड्याळ बघितलं. पहिली काही मिनिटं काहीच नाही. मग तुकड्याभोवती तांबूस झाक आली, सावकाश पसरत गेली.

आणि मी खूश झाले. कारण रंगाची परीक्षा मला लहानपणापासून येत होती. केशराची. आमच्या घरी श्रीखंडाचं केशर आणलं की आई चार काड्या कोमट दुधात टाकायची आणि मला बघत बसवायची. टाकल्या टाकल्या भडक झालं तर रंगवलेलं. सावकाश, धाग्याधाग्यानं उतरलं तर अस्सल. चाळीस वर्षं हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की घरटं म्हणजे केशर नव्हे, हा विचार मनाला शिवलाच नाही.

"कसं आहे?" आंटींनी दारातून विचारलं.

"एकदम मस्त. घेऊन जा."

सहापैकी पाच त्यांनी नेली. एक कपाटात राहिलं.

बुधवारी दुपारी एक म्हातारे काका नेहमीप्रमाणे जिनसेंग घ्यायला आले. निवृत्त होते, गप्पिष्ट. मला चिडवणं हा त्यांचा आठवड्याचा कार्यक्रम होता.

"काय, इंडियन बॉस! आंटीला पळवून लावलंस का?"

"आंटी मुलीकडे गेल्यात. मी आता लाल घरट्यांची एक्स्पर्ट झालेय, काका. हे बघा."

त्यांनी ते उरलेलं घरटं हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, वास घेतला. "भिजवून बघितलंस?"

"हो तर. रंग अगदी हळूहळू सुटतो."

त्यांचं हसू थांबलं. "सुटतो?"

"हळूहळू," मी पुन्हा म्हटलं.

"मुली, हळू काय आणि जोरात काय. खरं लाल पाण्यात रंग सोडतच नाही. शिजवलं तरी फार तर किंचित पिवळं पाणी. सुटला म्हणजे कोणीतरी रंगवलंय." त्यांनी घरटं काउंटरवर ठेवलं आणि बोटं रुमालाला पुसली. "विकलं नाहीस ना कोणाला?"

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. विकलं नव्हतं.

ते गेल्यावर मी दुकानाच्या दारावर "पंधरा मिनिटांत येते"ची पाटी लावली आणि पुन्हा बशी घेतली. या वेळी अर्धा तास थांबले. पाणी गुलाबी झालं आणि तुकडा पांढरा पडला. केशराची काडी रंग सोडूनसुद्धा लाल राहते. हा साधा पांढरा तुकडा होता, त्याला कोणीतरी कशानं तरी रंगवलं होतं. कशानं, ते कोण सांगणार? कपड्याचा रंग? लाकडाचा? आणि सोमवार सकाळपासून ते चौथ्या महिन्यातल्या एका बाईच्या पोटात जात होतं.

मी यादी करायला घेतली. तीच माझी सवय. एक, आंटींना फोन. दोन, उरलेला माल बाजूला काढणे. तीन... तिसरं काही सुचेना. पहिल्याच ओळीपुढे पेन अडकलं. मी फोन नवऱ्याला केला.

तो मीटिंगमधून बाहेर आला, ऐकून घेतलं आणि आधी एकच प्रश्न विचारला. "हे लेखी आहे कुठे?"

"वहीत आहे. तारखेसकट."

"अगं, तू ना! काहीही लिहून ठेवतेस. हे बघ, इथे लोक कॉफी सांडली तरी सू करतात, कोर्टात खेचतात. उद्या काही झालं, बेबीला काही झालं, तर पहिल्यांदा तुझी वही बघतील. घरी घेऊन ये ती."

"घरी आणून काय करू?"

त्यानं आवाज खाली आणला. "पान फाड."

"आणि त्यांना फोन?"

"कर ना. कर. पण काकांनी असं म्हटलं एवढंच सांग. तू पास केलंस हे कशाला सांगतेस?"

त्याला दोष देत नाही. तो घाबरला होता आणि माझ्यासाठी घाबरला होता. खरं सांगायचं तर पान फाडायचा विचार त्याने बोलायच्या आधीच माझ्या मनात येऊन गेला होता. मी वही उघडली, पानाचा कोपरा चिमटीत धरला. स्टोअर्समध्ये अकरा वर्षांत मी एकही पान फाडलं नव्हतं. तिथे चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची असते, खाडाखोडसुद्धा चालत नाही. पण तिथल्या चुकीनं फार तर एखादं खोकं परत यायचं. इथे परत काय येणार होतं?

कोपरा सोडला आणि फोन लावला. उचलला आंटींच्या मुलीनं.

"मॉम किचनमध्ये आहे. टीचर ना तुम्ही? मॉम तुमच्याबद्दलच सांगत असते."

"तुम्ही... सूप किती वेळा घेतलं?"

"रोज! सोम, मंगळ आणि आज. तीन बाऊल. चव कशालाच नाही, पण मॉम समोर बसून राहते, काय करणार?" ती हसली. तिचं ते हसणं मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होतं.

मी म्हटलं, आता घेऊ नका, आंटींना द्या. आंटी आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. रंग सुटतो म्हणून मी पास केलं, खरं तर सुटायलाच नको होता, चूक माझी, मालात भेसळ आहे.  पलीकडे भांड्यावरचं झाकण उकळत्या पाण्यानं खडखडत होतं. मग तोही आवाज थांबला. त्यांनी गॅस बंद केला असावा.

"तुला कोणी सांगितलं, सुटला तर चांगलं?"

"कोणी नाही. आमच्याकडे केशर तसं बघतात."

"केशर काय असतं?"

"फुलातला धागा. मिठाईत घालतात."

"हे फूल आहे?" आंटी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "मी भिजवलेलं पाणी रोज ओतून दिलं. मला ते पाणी साधं दिसलं." आणि फोन ठेवला.

डॉक्टरकडे ते त्याच दुपारी गेले. आंटींनी नंतर सांगितलं, डॉक्टरला खाण्याचं घरटं म्हणजे काय तेच कळेना. "काड्यांचं?" असं तिनं विचारलं म्हणे. रक्त तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले, ठोके ठीक होते. रंग कोणता ते कळल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, पाणी भरपूर प्या, काही वेगळं वाटलं तर लगेच या, असं म्हणाली. म्हणजे कोणालाच काही माहीत नव्हतं. ऑगस्टअखेरपर्यंत वाट बघायची होती.

आंटी परत आल्या त्या सोमवारी मी दुकान उघडायच्या आधी पोचले. राजीनामा वहीत घडी करून ठेवला होता. आंटींनी उरलेली घरटी पिशवीतून काउंटरवर काढली, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "वही."

मी दिली. त्यांना मराठी कुठे वाचता येणार? "वाच," त्या म्हणाल्या.

मी पान इंग्रजीत वाचून दाखवलं. शेवटच्या शब्दाला माझी चिमूट पुन्हा पानाच्या कोपऱ्यावर गेली.

"फाडू नकोस. खाली लिही. पाण्यात रंग सुटतो. बाद."

मी लिहिलं.

"चूक कोणाची, ते लिही."

मी "माझी" असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"दोघींची लिही. नवा व्यापारी मी आणला. डोळे नसताना मी शिजवलं." मग घडी घातलेला कागद त्यांना दिसला. "हे काय?"

"राजीनामा."

"ऑगस्टपर्यंत कुठे जाणार नाहीस तू. मी एकटी वाट बघणार नाही," त्या म्हणाल्या आणि खजुराचं खोकं फोडायला घेतलं.

ती माफी होती की शिक्षा, मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

पुढचे महिने आम्ही त्या विषयावर बोललो नाही. व्यापाऱ्यानं माल परत घेतला, कशानं रंगवलंय ते त्यालाही माहीत नव्हतं, किंवा त्यानं सांगितलं नाही. दर सोमवारी डॅलसहून फोन यायचा. आंटी पाठ करून बोलायच्या, त्यांच्या भाषेत, आणि मी हातातला माल सोडून त्यांच्या खांद्यांकडे बघत राहायचे. खांदे खाली आले की श्वास सोडायचे. घरी मुलगी म्हणायची, "मॉम, यू आर सो जंपी." फोन वाजला की माझ्या हातातून वस्तू पडायला लागल्या होत्या. नवऱ्यानं वहीचं नाव पुन्हा काढलं नाही, पण ती भरल्यावर मी घरात कुठे ठेवली आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे मला.

मेमध्ये एका मंगळवारी मी पोचले तर दुकान बंद. शटर खाली, दारावर चिठ्ठी नाही. आंटींनी बावीस वर्षांत कधी न सांगता दुकान बंद ठेवलं नव्हतं, त्याच सांगायच्या. फोन उचलेना. मी पार्किंगमध्ये गाडीत बसले, एसी लावायचंही सुचलं नाही. सहावा महिना, मी मोजलं. सहाव्या महिन्यात काय काय होऊ शकतं याची यादी मनात आपोआप तयार व्हायला लागली आणि ती थांबवता येईना. मी तशीच दीड तास बसून होते. मग एक गाडी आली आणि तिच्यातून आंटी उतरल्या, एका डोळ्यावर पांढरी पट्टी बांधलेली. कोणाची तरी तारीख रद्द झाली म्हणून डॉक्टरनं यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन त्याच सकाळी उरकून टाकलं होतं आणि आता त्या तिथूनच येत होत्या.

माझा चेहरा बघून त्या काय समजायचं ते समजल्या. "नाही, नाही," एवढंच म्हणाल्या आणि माझा हात धरून दुकानापर्यंत आल्या. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं म्हणून धरला असेल.

मुलगी झाली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, वेळेवर, अव्यंग. फोन दुकानात आला. आंटींनी रिसीव्हर ठेवला आणि दोन्ही डोळ्यांनी, आता दोन्ही स्वच्छ होते, माझ्याकडे बघितलं. "दहा बोटं," त्या म्हणाल्या. "पायाची पण दहा." मग मशरूमच्या पोत्यावर बसून रडल्या. मी पाटी लावली, पंधरा मिनिटांत येते.

बाळ महिन्याचं झाल्यावर त्या डॅलसहून एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या. आत उकडलेली अंडी, सगळी लालभडक रंगवलेली. त्यांच्याकडे बाळाच्या महिन्याला अशी अंडी वाटतात.

"घे."

"आंटी, मी अंडं खात नाही, तुम्हाला माहितेय."

"माहितेय. घे."

मी घेतलं. बोटं लगेच लाल झाली. सोलायला गेले तर कवचाला चीर होती आणि तिथून रंगाची एक बारीक रेघ आतल्या पांढऱ्यावर उतरली होती. मी अंडं खिडकीच्या उजेडासमोर धरलं, रेघ किती खोल गेलीय बघायला.

"टीचर! हा रंग सुटतोच. माझ्या किचनमध्ये रंगवलंय, बाटली मी दाखवते तुला. खा नाहीतर ठेव, पण असं बघत बसू नकोस."

काउंटरपाशी उभी राहून मी आयुष्यातलं पहिलं अंडं खाल्लं, मीठ न लावता. चव नीट कळली नाही, कारण अर्धा घास तोंडात असताना फोन वाजला आणि आम्ही दोघीही दचकलो. एकमेकींकडे बघितलं. आंटी हलेनात, म्हणून मी उचलला.

एक गिऱ्हाईक होतं. दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, विचारत होतं. सात, मी सांगितलं. फोन ठेवला तर रिसीव्हरवर माझ्या बोटांचे लाल ठसे उमटले होते. आंटींनी काउंटरखालून ओलं फडकं काढून माझ्याकडे फेकलं.